नोटांचे ठसे कोरणाऱ्या पोराने जगाला बॅबिलोनचं पाताळ दाखवलं!

मेल्यावर माणूस कुठे जातो? आपल्याकडे याचं उत्तर पाप-पुण्याच्या हिशोबावर ठरतं. पण आजच्या इराकमधले प्राचीन सुमेरियन आणि बॅबिलोनियन लोक म्हणायचे, राजा असो की हमाल, सगळे एकाच अंधाऱ्या पाताळात जाणार. तिथं सात दरवाजे, खायला धूळ आणि माती, अंगावर पक्ष्यांसारखी पिसं. राणी एरेश्किगल. एकदा आत गेलं की परत येणं नाही.

हे सगळं मातीच्या पाट्यांवर कोरलेलं होतं आणि त्या वाचण्यात मोठा वाटा होता जॉर्ज स्मिथचा.

स्मिथ १८४० साली लंडनमध्ये जन्मला. घर कामगाराचं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो नोटांचे ठसे कोरायला शिकू लागला. जेवणाच्या सुट्टीत मात्र पठ्ठ्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसायचा. बारीक कोरीवकामाला सरावलेली नजर कीलाक्षर लिपीवर चालली आणि म्युझियमने त्याला नोकरीच दिली.

१८७२ मध्ये निनेवेच्या असुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयातली एक फुटकी पाटी त्याच्या हाती लागली. त्यात महापूर, नाव आणि पाणी ओसरलं का ते बघायला सोडलेले पक्षी होते. म्हणजे बायबलमधल्या नोहाचीच गोष्ट! आनंदाच्या भरात त्याने अंगावरचे कपडे काढायला सुरुवात केली, असं सांगतात. ३ डिसेंबरला त्याने हे भाषणात जाहीर केलं, तेव्हा समोर पंतप्रधान ग्लॅडस्टन बसले होते.

मग 'डेली टेलिग्राफ'ने उरलेला भाग शोधायला एक हजार गिनी दिल्या. त्या पेपरचे एडविन आर्नल्ड म्हणजे पुण्याच्या संस्कृत कॉलेजचे माजी प्राचार्य बरं का! स्मिथ निनेवेला गेला आणि खोदकाम सुरू होऊन आठवडाभरातच पुराच्या गोष्टीचा आणखी एक तुकडा सापडला.

ती पाटी गिल्गमेश महाकाव्याची होती. स्मिथने नायकाचं नाव 'इझदुबार' असं वाचलं होतं, खरं नाव त्याच्या हयातीत कळलंच नाही. याच काव्याच्या बाराव्या पाटीत मेलेला मित्र एन्किडू पाताळातली हकिकत सांगतो. तिथं पुण्य विचारत नाहीत, मागे कोण आहे ते विचारतात. सात मुलं असलेला मजेत. ज्याच्या नावाने पाणी सोडणारं कुणी नाही, तो भांड्यातली खरवड आणि रस्त्यावर फेकलेले तुकडे खातो. ज्याचं प्रेत उघड्या माळावर पडलं, त्याला थारा नाही. श्राद्ध-तर्पण पाहिलेल्या आपल्याला हे फार परकं वाटणार नाही.

१८७६ मध्ये सृष्टीची उत्पत्ती, महापूर, इश्तार देवीचं पाताळात उतरणं या कथा त्याने पुस्तकात आणल्या. तोवर तो तिसऱ्या मोहिमेवर निघालाही होता. तुर्की परवान्यासाठी महिने गेले, तिकडे साथ पसरलेली, उन्हाळा डोक्यावर. खोदकाम झालंच नाही. परतीच्या वाटेवर सीरियात त्याला हगवण लागली आणि १९ ऑगस्टला अलेप्पोत तो गेला. वय ३६.

घरी बायको आणि मुलं होती. सरकारने त्यांना वर्षाला १५० पौंड पेन्शन सुरू केली.