सवयींतून कर्करोगाचा माग

कर्करोग म्हणजे नशिबाचा भोग, असे मानले जाई. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांनी मात्र रुग्णांच्या सवयी तपासल्या. मुंबईत १९४१मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांनी प्रयोगशाळांची धुरा सांभाळली. समाजागणिक चालीरीती बदलतात तशी कर्करोगाची जागाही बदलते. तंबाखू चघळणाऱ्यांत तो तोंडात अधिक होतो, हे त्यांनी दाखवले. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक.

पेशीत काय घडते, हे पुढे उलगडले. डीएनएवर मिथाइल गट चिकटवणाऱ्या विकरांचे काम बिघडले, की पेशींची बेसुमार वाढ रोखणारी जनुके गप्प होतात. तोंडापासून आतड्यापर्यंतच्या कर्करोगांत हे आढळते. मोखाड्याच्या पाड्यावर तंबाखू मळणाऱ्याचाही धोका, सवय सुटली की हळूहळू घटतो.