इंजिन ते चाक : सोइचिरो होंडा

होस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कितीतरी गाड्यांवर एका लोहाराच्या मुलाचं आडनाव दिसेल. सोइचिरो होंडांना आपण इंजिनासाठी ओळखतो. पण मला विचाराल तर त्यांचं खरं भांडण आयुष्यभर चाललं ते इंजिन आणि चाक यांच्यामधल्या दोन फुटांशी. म्हणजे बेल्ट, चेन आणि क्लच यांच्याशी.

जन्म १७ नोव्हेंबर १९०६, जपानमधल्या हामामात्सूजवळच्या एका खेड्यात. वडील लोहारकाम करायचे, पुढे सायकली दुरुस्त करू लागले. १९२२ मध्ये सोइचिरो टोकियोच्या आर्ट शोकाई गॅरेजमध्ये उमेदवारीला गेले. तिथे पान्याऐवजी आधी हातात आलं मालकाचं तान्हं मूल! १९२८ मध्ये हामामात्सूला त्याच गॅरेजची शाखा काढली, मग पिस्टन रिंगचा कारखाना. रिंगा नीट जमेनात, तेव्हा हे तिशीतले मालक धातुशास्त्र शिकायला तंत्रशाळेत मुलांबरोबर जाऊन बसले. परीक्षा दिल्या नाहीत, डिप्लोमाही नाही. (आपल्याला हे परवडणार नाही, अटेंडन्सवरच अडकू!) १९४५ च्या भूकंपात कारखाना कोसळला आणि उरलंसुरलं सगळं त्यांनी टोयोटाला विकून टाकलं.

आता १९४६ चा जपान डोळ्यापुढे आणा. शहरं जळालेली, पेट्रोल रेशनवर, आणि धान्य आणायला लोक मैलोन् मैल सायकल मारतायत. होंडांच्या पत्नी साची यांचीही तीच गत. अशात होंडांना लष्कराच्या वायरलेस जनरेटरचं छोटं इंजिन सापडलं. युद्ध संपलं, त्यामुळे ही इंजिनं पडून होती. त्यांनी ते सायकलवर बसवलं. पेट्रोलची टाकी म्हणून काय लावलं असेल? घरातली गरम पाण्याने अंथरूण शेकायची बाटली.

इंजिन चालू झालं, पण ताकद चाकापर्यंत न्यायची कशी? पहिली कल्पना अशी की इंजिन हँडलपुढे बसवायचं आणि एक रोलर पुढच्या टायरवर दाबून फिरवायचा. कागदावर झकास. पण अशा रचनेत सगळी ताकद टायरच्या रबरावरून जाते. टायर झिजतो, आणि पाऊस पडला की रोलर नुसता गरगरतो. होंडांनी तो नाद सोडला, इंजिन फ्रेमच्या मध्ये आणलं आणि व्ही-बेल्टने मागचं चाक फिरवायला सुरुवात केली.

यातली खरी अडचण मला मशीन डिझाइन शिकताना कळली. सायकल ही माणसाच्या पायांसाठी बनलेली असते. पायांचा जोर सावकाश येतो, सावकाश जातो. सिंगल सिलिंडर इंजिन मात्र मिनिटाला हजारो धक्के देतं. चेन ताणते, दाते झिजतात, स्पोक ढिले होतात. बेल्ट हे धक्के थोडे पोटात घेतो, पण सैल झाला की घसरतो. होंडांनी या सैलपणाचाच उपयोग केला. १९४७ च्या ए-टाइपमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या ५० सीसी, अर्ध्या हॉर्सपॉवरच्या इंजिनात, बेल्ट ताणला की गाडी चाले आणि सैल सोडला की इंजिन मोकळं फिरे. क्लचचं काम फुकटात!

१९४९ ची ड्रीम डी-टाइप ही खरी मोटरसायकल. प्रेस केलेली स्टीलची फ्रेम, चेन, आणि हाताने दाबायचा क्लच नाही. पण पहिल्या गिअरमध्ये पेडल पायाने सतत दाबून धरावं लागे. चढ लांबला की पाय दुखणार, आणि गिऱ्हाइकांनी ते ऐकवलंच. इंजिनिअरला सोयीचं ते चालवणाऱ्याला सोयीचं असतंच असं नाही. आपल्या प्रोजेक्टांचंही बहुतेक तसंच होतं, नाही का?

१९५४ मध्ये होंडा आइल ऑफ मॅनची रेस बघायला गेले आणि हादरले. तिथल्या गाड्यांची ताकद त्यांच्या गाड्यांच्या कितीतरी पट होती. परतताना त्यांनी युरोपातले टायर, रिम आणि चेन जमतील तेवढ्या बरोबर आणल्या.

मग १९५८ ला आली सुपर कब. क्लच लिव्हर नाही, सेंट्रिफ्युगल क्लच आपोआप लागतो आणि सुटतो. चेनवर पूर्ण झाकण. एका हातात नूडल्सचा ट्रे धरून पोऱ्याने गाडी चालवावी, हा हिशेब होता. २०१७ पर्यंत अशा १० कोटी गाड्या बनल्या.

तरी क्लचने पाठ सोडली नाही. १९६० मध्ये अमेरिकेत होंडाच्या मोठ्या मोटरसायकली बंद पडू लागल्या. तेल गळे, क्लच जाई. तिथली माणसं जपान्यांपेक्षा लांब आणि जोरात गाडी हाणत. कंपनीच्या तिथल्या शाखेकडे पैसा बेताचा, तरीही त्यांनी बिघडलेल्या गाड्या विमानाने जपानला धाडल्या. महिनाभरात हेड गास्केट आणि क्लचची स्प्रिंग नव्याने डिझाइन झाली. त्या दिवसांत तग धरला तो छोट्या सुपर कबने.

१९७३ मध्ये होंडा निवृत्त झाले, ५ ऑगस्ट १९९१ रोजी वारले. त्याआधी, १९८० च्या दशकात, पुण्याच्या कायनेटिकबरोबर त्यांच्या कंपनीने कायनेटिक होंडा आणली. आपल्यापैकी अनेकांच्या आई-बाबांनी ती चालवली असेल. गिअर नाही, क्लच लिव्हर नाही. डावीकडचं कव्हर उघडलं की आत काय दिसतं? एक व्ही-बेल्ट.