नौसेनापती सर बर्ट्रम रॅम्से

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले, हे आपल्या घरांतील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. आयसेनहॉवर व माँटगोमेरी ही नावेही त्यांच्या तोंडी असतात. परंतु सुमारे सात हजार लहानमोठ्या नौकांचा तो तांडा कोणत्या वाटेने व कोणत्या घटकेस न्यावयाचा, हे ज्यांनी ठरविले त्या रॅम्से यांचे नाव क्वचितच कानी पडते. म्हणून त्यांचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहोत.

त्यांचा जन्म २० जानेवारी १८८३ चा. घराणे भूदलातले, मुलगा मात्र १८९८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, नौदलात दाखल झाला. पहिल्या महायुद्धात डोव्हरच्या गस्ती दलात त्यांनी युद्धनौकांचे आधिपत्य केले. इंग्लिश खाडीतील वाळूचे दांडे, प्रवाह व धुके यांची तेव्हा झालेली ओळख पुढे जन्मभर उपयोगी पडली.

१९३५ साली ते स्वदेशी आरमाराच्या प्रमुखांचे मुख्य साहाय्यक झाले. हे प्रमुख, ॲडमिरल बॅकहाऊस, बारीकसारीक कामेही स्वतःच्याच हाती ठेवीत. नावापुरते पद भूषविणे रॅम्से यांस मानवले नाही. काही महिन्यांतच त्यांनी ते सोडले. त्याचे मोल जबर पडले. अर्ध्या वेतनावर घरी बसावे लागले आणि १९३८ साली नाव निवृत्तांच्या यादीत गेले. पंचावन्नाव्या वर्षी संपलेली ही कारकीर्द १९३९ सालच्या युद्धाने पुन्हा उघडली व त्यांस डोव्हरचे ठाणे मिळाले.

डोव्हरच्या किल्ल्याखाली खडूच्या कड्यात नेपोलियनच्या काळी खोदलेली भुयारे आहेत. १९४० च्या मे महिन्यात जर्मनांनी ब्रिटिश व फ्रेंच सैन्य डंकर्कच्या किनाऱ्याशी कोंडले, तेव्हा त्यांस परत आणण्याचे सूत्र याच भुयारांतून हालले. दोन दिवसांत पंचेचाळीस हजार माणसे वाचली तरी पुष्कळ, असा प्रारंभीचा अंदाज होता. मच्छीमारांच्या व हौशी लोकांच्या होड्यांची कथा सर्वांस प्रिय आहे व ती खरीही आहे. तथापि दोनतृतीयांशाहून अधिक सैनिक बंदरातून निघाले. तेथे लाटा अडविण्यासाठी एक लांब, अरुंद बांध होता. जहाजे लावण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. किनाऱ्यावर पाठविलेल्या कॅप्टन टेनंट यांनी त्यास जहाज लावून पाहिले, ते लागले, आणि मग रांगच लागली. २६ मे ते ४ जून या अवधीत ३,३८,२२६ सैनिक इंग्लंडात पोहोचले. तोफा व गाड्या मात्र मागेच राहिल्या.

पुढे उत्तर आफ्रिका व सिसिली येथील अवतरणांच्या आखणीत रॅम्से होते. मध्यंतरी, १९ ऑगस्ट १९४२ रोजी, दिएप बंदरावरील छाप्यात सुमारे पाच हजार कॅनेडियनांपैकी तीन हजारांहून अधिक मेले, जखमी झाले वा पकडले गेले. तटबंदीचे बंदर समोरून घेता येत नाही, हे त्या रक्ताने शिकविले. म्हणून नॉर्मंडीस जाताना बंदरच सोबत न्यावयाचे ठरले : काँक्रीटच्या प्रचंड पेट्या ओढून नेऊन तेथे कृत्रिम बंदरे उभारावयाची.

भरती-ओहोटीचे गणित आमच्या कोकणच्या वाचकांस सांगावयास नको. शत्रूने वाळूत रोवलेले अडथळे दिसावेत म्हणून पाणी खाली असताना उतरावयाचे. छत्रीधारी सैनिकांस रात्री चांदणे हवे. आणि आरमारास तोफा डागण्यापुरता उजेड हवा. जूनच्या आरंभी हे सर्व ५, ६ व ७ या तीनच तारखांना जुळत होते. सुरुंगांतून दहा वाटा मोकळ्या करून त्यांवर दिव्यांची निशाणे लावावयाची होती. रॅम्से यांचे हुकूम शेकडो पृष्ठांचे झाले. ते वाचताना अमेरिकन अधिकारी कुरकुरले. पोर्ट्समथजवळील साउथविक हाऊस येथे भिंतीएवढा नकाशा लाविला होता. तो खेळणी करणाऱ्या कारखान्याने बनविला, आणि लावावयास आलेल्या दोघा कारागिरांस गुप्ततेसाठी मोहीम सुरू होईपर्यंत तेथेच ठेवून घेतले. बिचाऱ्यांच्या घरी काय वाटले असेल!

५ तारखेचा बेत वादळामुळे ऐन वेळी रहित झाला व निघालेल्या नौका परत फिरवाव्या लागल्या. सैनिक खचाखच भरलेल्या नौकांत ओकाऱ्या काढीत पडून होते. ६ तारखेस जावयाचे असेल तर अर्ध्या तासात हुकूम सुटला पाहिजे, असे रॅम्से यांनी बजाविले. निर्णय आयसेनहॉवर यांचा. पण घड्याळ रॅम्से यांचे होते.

त्या दिवशी सुमारे १,३२,००० सैनिक समुद्रमार्गे उतरले. जर्मन पाणतीर-नौकांस स्वेनर ही एकच नॉर्वेजियन विनाशिका बुडविता आली. मात्र ओमाहा किनाऱ्यावर अनर्थ झाला. अमेरिकनांनी किनाऱ्यापासून सुमारे अकरा मैलांवर होड्या पाण्यात सोडल्या. खवळलेल्या समुद्रात सोडलेल्या एकोणतीस तरंगत्या रणगाड्यांपैकी सत्तावीस बुडाले आणि भिजलेले, गलितगात्र शिपाई उघड्या वाळूवर यंत्रतोफांच्या तोंडी सापडले. तेव्हा विनाशिकांचे कप्तान तळ घासण्याची भीती सोडून किनाऱ्याशी भिडले व त्यांच्या तोफांनी वाट मोकळी केली. हे कोणत्याही हुकुमात लिहिलेले नव्हते. आमच्या मते त्या शेकडो पृष्ठांची मर्यादा येथे दिसते. पण ते कप्तान तेथवर सुखरूप आले होते ते त्याच पृष्ठांच्या बळावर, हेही विसरता येत नाही.

सप्टेंबरात अँटवर्प हाती आले. समुद्रापासून बंदरापर्यंतचा नदीमार्ग शत्रूपासून सोडविल्यावाचून ते निरुपयोगी आहे, असा इशारा रॅम्से यांनी आधीच दिला होता. भूदलाच्या सेनापतींनी तो वेळीच मनावर घेतला नाही. मार्ग मोकळा होण्यास नोव्हेंबर अखेर उजाडली, आणि तोवर सैन्यास सामग्रीची चणचण सोसावी लागली.

२ जानेवारी १९४५ रोजी माँटगोमेरी यांच्या भेटीसाठी ब्रुसेल्सला निघालेले त्यांचे विमान पॅरिसजवळ उड्डाण करतानाच कोसळले. जर्मनीची शरणागती चार महिन्यांवर आली होती. मागे पत्नी व दोन लहान मुलगे राहिले. फ्रान्समध्येच, सँ-जर्मां-आँ-ले येथे, त्यांस मूठमाती देण्यात आली. डोव्हरच्या किल्ल्यावर त्यांचा पुतळा २००० साली उभा राहिला.