निजामाची रजा

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या निवृत्ती-समारंभासाठी बुऱ्हाणपूरला जाण्याचा योग आला. मामा तेथील एका सरकारी कार्यालयात लेखापाल होते. अडतीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवून ६२ व्या वर्षी ते शाल, श्रीफळ आणि मावा जिलेबीचा पुडा घेऊन घरी आले. पुढे काय काय करायचे याची त्यांनी एका वहीत यादीच केली होती. पहाटे तापीच्या राजघाटावर फिरायला जायचे, माळ्यावरची पेटी खाली काढून पुन्हा शिकायची, मामींना पंढरपूरला न्यायचे. यादीत एकवीस कलमे होती. तिसऱ्याच दिवशी कार्यालयातून फोन आला. नव्या माणसाला ताळेबंद जमत नव्हता. मामा सदरा चढवून निघाले. मामींनी उकळलेला चहा झाकून ठेवला आणि काही बोलल्या नाहीत.

त्या दुपारी मी एकटाच गाव पाहायला बाहेर पडलो. शनवारा दरवाज्यापाशी उभा असताना समजले, की शहराभोवतीचा तट आणि हे दरवाजे १७३१ मध्ये पहिल्या निजामाने बांधून घेतले. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात हा निजाम पालखेडला येतो, बाजीरावाकडून हरतो आणि निघून जातो. परीक्षेपुरती तेवढी ओळख पुरे होती. परत आल्यावर ग्रंथालयात बसून त्याचे चरित्र वाचले, तेव्हा मात्र मला राहून राहून मामा आठवू लागले. या माणसाने ऐन उमेदीत निवृत्ती घेतली होती, ती टिकली नाही, आणि अखेरचा श्वास त्याने बुऱ्हाणपुरातच सोडला.

त्याचे मूळ नाव मीर कमरुद्दीन. जन्म १६७१ चा. घराणे मध्य आशियातून आलेले आणि त्या घराण्यात निवृत्त होण्याची चालच नव्हती. आजोबा आबिदखान १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने जखमी होऊन वारले. वडील गाजीउद्दीनखान फिरोजजंग यांचे डोळे प्लेगाच्या साथीत गेले. तरी औरंगजेबाने त्यांना घरी बसवले नाही आणि तेही बसले नाहीत. अंध अवस्थेत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सैन्य चालवले आणि १७१० मध्ये गुजरातच्या सुभेदारीवर असतानाच त्यांचा अंत झाला. दिल्लीत अजमेरी दरवाज्यापाशी त्यांच्या नावाचा मदरसा आहे. प्रसिद्ध दिल्ली कॉलेज पुढे त्याच वास्तूत भरत असे.

कमरुद्दीन लहानपणापासून औरंगजेबाच्या छावणीत वाढला. चिनकिलीचखान हा किताब त्याला तरुणपणीच मिळाला. आपल्या कानडी विभागाच्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक ठिकाण त्याच्या चरित्रात आहे. आजच्या यादगीर जिल्ह्यात सुरपूरजवळ वागिनगेरा आहे. तेथील बेरड नायकाविरुद्धचा १७०५ चा वेढा हा औरंगजेबाच्या आयुष्यातील शेवटचा. त्या वेढ्यात या तरुण सरदाराने नाव मिळवले आणि विजापूरची सुभेदारीही त्याच्याकडे होती. म्हणजे पस्तिशीच्या आत बढत्यांची शिडी तो जवळजवळ चढून गेला होता.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगार येथे मरण पावला. मुलांमध्ये गादीसाठी लढाई जुंपली. कमरुद्दीनने कोणाचीच बाजू घेतली नाही. बहादूरशहा जिंकला आणि त्याने त्याला अयोध्येची सुभेदारी व गोरखपूरची फौजदारी दिली. वरून पाहता ही मेहेरबानीच होती. परंतु ज्या दख्खनेत उमेदीची वर्षे गेली तेथून त्याला दूर नेले होते आणि दरबारात नव्या माणसांचा वरचष्मा झाला होता. त्याने राजीनामा दिला. वजिराने समजूत घातली, तेव्हा काही काळ थांबला. पण मन रमले नाही. अखेर मनसब सोडून तो दिल्लीत फकिरी वेषात एकांतात राहू लागला.

त्याच्या आयुष्यातली ही एवढीच खरी रजा. या काळात तो विद्वानांच्या आणि फकिरांच्या संगतीत असे. फारसी काव्यात तो मिर्झा बेदिल यांना मानत असे. शाकिर आणि आसफ अशा दोन नावांनी त्याने स्वतः कविता लिहिली. पालखेडचा निजाम कविता करत असे, हे मला कोणत्याही शिक्षकांनी सांगितले नव्हते. चाळिशीच्या उंबरठ्यावर घोड्यावरून उतरून दौत-लेखणी घेऊन बसलेला हा सरदार डोळ्यांपुढे आला, की वाटते, याने येथेच थांबायला हवे होते.

पण बहादूरशहा १७१२ मध्ये मरण पावला, पुन्हा गादीचे भांडण लागले आणि अनुभवी माणसांचा शोध सुरू झाला. १७१३ मध्ये फर्रुखसियर बादशहा झाला. त्याने कमरुद्दीनला निजाम-उल्-मुल्क हा किताब आणि दख्खनच्या सहा सुभ्यांचा कारभार दिला. फकिरी वेष कायमचा उतरला. दोनच वर्षांत सय्यद बंधूंनी त्याला दख्खनेतून हलवले, आधी मुरादाबादला आणि मग १७१९ मध्ये माळव्यात. आपल्याला संपवण्याचा बेत आहे हे ओळखून तो १७२० मध्ये नर्मदा उतरून दक्षिणेत आला. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड आहे. तो दख्खनचा दरवाजा समजला जाई. तेथील शिबंदीचा पगार थकलेला होता. निजामाने थकबाकी चुकती केली आणि गड लढाईविना हाती आला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे विशेष वाटते. ज्या धन्याने वेतन थकवले त्याचा किल्ला एका पावतीने गेला!

पाठोपाठ बुऱ्हाणपूरही त्याच्या ताब्यात आले. सय्यद बंधूंच्या धाकट्या भावाचे कुटुंब त्या वेळी शहरात अडकले होते. शत्रूची बायकामुले हाती लागली असता त्याने त्यांच्या जडजवाहिराला हात लावला नाही. मुलांसाठी फळे पाठवली आणि सोबत स्वार देऊन त्यांना सुखरूप नर्मदेकडे पोचते केले. त्यानंतर त्याच वर्षी सय्यदांच्या दोन फौजा त्याने मोडल्या, एक बुऱ्हाणपूरच्या परिसरात आणि दुसरी वऱ्हाडात बाळापूरजवळ.

१७२२ मध्ये मुहम्मदशहाने त्याला वजीर केले. याहून वरची जागा साम्राज्यात नव्हती. त्याने सुधारणा सुचवल्या. महसुलाचे मक्ते देणे थांबवावे, कामासाठी नजराणे घेणे बंद करावे, जहागिरी लायक माणसांनाच द्याव्यात. जिझिया पुन्हा बसवावा अशीही एक सूचना होती आणि ती शहाणपणाची नव्हती. दरबारातील तरुण मंडळी त्याच्या औरंगजेबी रीतीभातींची थट्टा करीत. वर्षअखेरीचा हिशेब कोणालाच नको होता. तेव्हा डिसेंबर १७२३ मध्ये प्रकृतीसाठी हवापालट हवा असे सांगून त्याने बादशहाची रजा घेतली, दिल्लीबाहेर पडला आणि पुढे घोडे दख्खनच्या वाटेला वळवले. आजारपणाचा अर्ज देऊन भलतीकडेच जाणे आम्हा विद्यार्थ्यांना नवे नाही! पण या रजेच्या शेवटी राज्य उभे राहिले. ऑक्टोबर १७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या लढाईत त्याने मुबारिझखानाचा पराभव केला. तेव्हापासून दख्खन नावाला बादशहाचे आणि प्रत्यक्षात निजामाचे झाले.

पुढची पंधरा वर्षे मराठी वाचकांना ठाऊक आहेत. दख्खनच्या सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखी, म्हणजे शेकडा २५ आणि शेकडा १०, हा वादाचा मूळ मुद्दा. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यातील तंटा पुढे करून निजामाने ही रक्कम अडवली. बाजीरावाने समोरासमोर न लढता त्याला मुलुखभर पळवले. मध्येच बुऱ्हाणपुरावर चालून जाण्याची हूल दिली, तशी निजामाला तिकडे धावावे लागले. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला तो कोंडला गेला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी बुऱ्हाणपूरला तट बांधला गेला हे ध्यानात घेतले, म्हणजे शनवारा दरवाजा नुसता दरवाजा राहत नाही.

१७३७ मध्ये निजाम पासष्टीच्या पुढे होता. बादशहाचे बोलावणे येताच तो दिल्लीला गेला. भोपाळला बाजीरावाने त्याला पुन्हा कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराई येथे माळवा व ५० लाख रुपये कबूल करून त्याला सुटका करून घ्यावी लागली. लगेच १७३९ मध्ये नादिरशहा आला. कर्नालच्या पराभवानंतर निजामाने ५० लाखांवर तडजोड ठरवली होती. तेवढ्यात मीर बक्षीची जागा मोकळी झाली आणि ती निजामाकडे गेली. तीवर डोळा असलेल्या सादतखानाने रागाने नादिरशहाला दिल्लीच्या खजिन्याची लालूच दाखवली, असे इतिहासकार लिहितात. पुढे दिल्लीत झालेली कत्तल सर्वश्रुत आहे. सहा सुभ्यांच्या धन्याला त्या वयात आणखी एक पद कशाला हवे होते?

दख्खनेत मागे ठेवलेला मुलगा नासिरजंग इकडे कारभार सोडायला तयार नव्हता. बाप उत्तरेतून परतला, तेव्हा मुलाने फकिराचा वेष घेतला आणि खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात जाऊन बसला. बापाने एके काळी मनापासून घेतलेला वेष मुलाने डाव म्हणून घेतला होता. १७४१ मध्ये त्याने फौज जमवून बापावरच चाल केली. तो हरला, कंधारच्या किल्ल्यात कैद झाला आणि पुढे बापाने त्याला क्षमा केली.

१७४८ मध्ये अहमदशहा अब्दालीच्या स्वारीमुळे उत्तरेत गडबड उडाली, आणि वयाच्या ७७ व्या वर्षी निजाम पुन्हा निघून बुऱ्हाणपूरपर्यंत आला. एप्रिलमध्ये मुहम्मदशहा वारला. नव्या बादशहाने वजिरी देऊ केली. या खेपेस निजामाने वयाचे कारण सांगून नकार दिला, आणि ते कारण खरे होते. थोड्याच आठवड्यांत, १ जून १७४८ रोजी, तो बुऱ्हाणपुरात मरण पावला.

जाण्यापूर्वी त्याने नासिरजंगासाठी मृत्युपत्र सांगितले. मराठे या भूमीचे जमीनदार आहेत, त्यांच्याशी सलोखा ठेवावा. माणसाचा जीव घेताना घाई करू नये. सुभेदाराने तंबूत राहावे, मुलुखात फिरत असावे. पण शिपायांना आळीपाळीने रजा द्यावी, म्हणजे त्यांना आपल्या बायकामुलांत जाऊन राहता येईल. हे वाचताना मी थांबलो. साठ वर्षे खोगिरावर काढलेल्या माणसाने शेवटी दुसऱ्यांच्या रजेची तजवीज केली होती.

त्याचा देह खुलताबादला नेण्यात आला. बुऱ्हाणपूर ज्यांच्या नावाने वसले त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्याच दर्ग्यात त्याची कबर आहे. तापीपलीकडचे झैनाबाद ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात, त्याच गावी, औरंगजेब आहे. तापीच्या दोन तीरांवर समोरासमोर असलेली दोन नावे खुलताबादेतही जवळ जवळ आहेत. धनी आणि चाकर दोघेही तेथे एकदाचे विसावले.

ही सारी कथा मी दिवाळीत बुऱ्हाणपूरला जेवणाच्या पानावर सांगितली. मामा हसले. शेवटचा नकार आणि मृत्यू यांत किती दिवस गेले एवढेच त्यांनी विचारले. थोडेच आठवडे, मी म्हणालो. हात धुऊन ते बराच वेळ अंगणात बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत फोन वाजला. मामांनी तो घेतला, ज्याला अडचण असेल त्याने संध्याकाळी पाचनंतर वह्या घेऊन घरी यावे, शिकवीन, असे सांगितले आणि वहाणा घालून राजघाटाकडे निघाले. मामींनी चहा आधीच गाळला होता. तो त्यांनी उभ्या उभ्या, पण गरम घेतला.

पेटी अजून माळ्यावरच आहे. यादीतली वीस कलमे बाकी आहेत.