दादोबा पांडुरंग : व्याकरणकार आणि धर्मजिज्ञासू

मराठी व्याकरणाच्या अभ्यासात दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव आपल्या परिचयाचे झाले आहे. 'मराठी भाषेचे पाणिनी' हे बिरुद त्यांच्या नावामागे इतके पक्के बसले आहे, की या गृहस्थाने आयुष्यभर भाषेइतकाच धर्माचाही ध्यास घेतला होता, हे सहसा लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान असल्यामुळे त्यालाही दादोबांची ही दुसरी बाजू उशिराच समजली, हे येथे मान्य केले पाहिजे.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. नव्या इंग्रजी शिक्षणाचा लाभ मिळालेल्या पहिल्या पिढीचे ते प्रतिनिधी होत. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. मांडणीसाठी त्यांच्यासमोर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. तथापि मराठीचे नाम, विभक्ती आणि प्रयोग या परकीय साच्यात सहज मावणारे नव्हते. दादोबांना हे पुढे अधिकाधिक जाणवत गेले आणि प्रत्येक आवृत्तीत ते दुरुस्त्या करीत राहिले.

जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक, त्यानंतर मुंबईत अध्यापन, मग सुरत असा त्यांच्या नोकरीचा क्रम होता. सुरतेस १८४४ मध्ये त्यांनी दुर्गाराम मेहता आदी सहकाऱ्यांसह 'मानवधर्म सभा' स्थापन केली. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे आणि धर्म म्हणजे सदाचरण, या त्यांच्या निष्ठा या काळात निश्चित झाल्या. तेथेच लिहिलेले 'धर्मविवेचन' मात्र अनेक वर्षे हस्तलिखितातच राहिले. ते छापून प्रसिद्ध झाले १८६८ मध्ये.

मुंबईस परतल्यावर १८४९ मध्ये 'परमहंस सभा' निघाली. दादोबांच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण आणि सर्वांत अवघड भाग हाच आहे. राम बाळकृष्ण जयकर सभेचे अध्यक्ष होते. तिचा वैचारिक पाया मात्र दादोबांचा. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन झुगारल्याची साक्ष द्यावयाची, मराठीतून प्रार्थना म्हणावयाची आणि हे सर्व गुप्त ठेवावयाचे, अशी रीत होती. पुरेसे लोक मिळाल्यावर एकदमच उघडपणे जातिभेद मोडावा, ही त्यामागची आकांक्षा. त्या काळी बहिष्कार म्हणजे काय, हे लक्षात घेतल्याशिवाय या गुप्ततेला भ्याडपणा म्हणू नये. जातीबाहेर पडलेल्या माणसाच्या मुलीचे लग्न जमत नसे, त्याच्या घरच्या प्रेताला खांदेकरी मिळत नसत. तरीसुद्धा, जो विचार सर्व मानवांसाठी आहे तो बंद दाराआड किती काळ टिकणार, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर १८६० च्या सुमारास मिळाले. सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली. नावे जाहीर होणार या धास्तीने सभा विस्कटली आणि तो दिवस उजाडलाच नाही. दादोबा स्वतः १८५२ पासून अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर होते; भिल्लांच्या बंडाच्या बंदोबस्तातील कामगिरीबद्दल सरकारने त्यांना 'रावबहादुर' केले. पुढे १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, तो उघडपणे. त्याच्या स्थापनेत दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग अग्रभागी होते.

निवृत्तीनंतरही दादोबांचा शोध थांबला नाही. मोरोपंतांच्या 'केकावली'वर त्यांनी टीका लिहिली आणि आईवडिलांच्या नावांवरून तिला 'यशोदा पांडुरंगी' हे नाव दिले. जातिभेद न मानणारा हा एकेश्वरवादी एका भक्तकवीच्या आर्त स्तोत्राचा अर्थ लावण्यात रमतो, यात अनेकांना विसंगती दिसेल. आम्हांस ती दिसत नाही. ज्याला ईश्वर हवा आहे पण कर्मकांड नको आहे, त्याला भक्तिकाव्य जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. स्वीडनचे गूढचिंतक इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग यांच्या ग्रंथांनीही ते भारावले आणि १८७८ मध्ये त्यांवर त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकावर त्यांचे नाव आहे. धर्मविषयक मराठी लेखन छापताना मात्र ते 'एक जगद्वासी आर्य' या टोपणनावाआड राहिले. परक्यांसमोर जे नावानिशी बोलता येते ते आपल्या भाषेत, आपल्या माणसांसमोर बोलता येऊ नये, ही अडचण केवळ दादोबांची होती असे नाही. परंतु मराठीला नियम देणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती यावी, हे विशेष जाणवते.

व्याकरणाची 'पूरणिका' १८८१ मध्ये निघाली, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर ४५ वर्षांनी. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहावयास घेतलेले आत्मचरित्र अपूर्ण राहिले. ते अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ मध्ये प्रकाशात आणले. बालपण, शाळा, जावरा, सुरत हे सारे त्यात तपशिलाने येते. परमहंस सभेच्या स्थापनेपर्यंत मात्र ते पोहोचत नाही.