गोलंदाज बाळू पालवणकर

सुमारे १८९२ सालची गोष्ट. पुण्यातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्रिकेट क्लबात एक सोळा वर्षांचा मुलगा कामास होता. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, रेषा आखणे आणि जाळी उभारणे ही त्याची कामे. पगार दरमहा ४ रुपये. त्या मुलाचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे. वडील लष्करी नोकरीत होते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात त्यांचा जन्म झाला होता.

क्लबातील ग्रेग नावाचे अधिकारी कसलेले फलंदाज होते. सरावासाठी ते इतरांच्या आधी येत आणि बाळू त्यांना तासन् तास चेंडू टाकीत. डाव्या हाताने संथपणे टाकलेला त्यांचा चेंडू जमिनीवर पडताच कोणत्या बाजूस वळेल, हे कळणे कठीण असे. चाकरीतूनच बाळूंची विद्या अशी तयार झाली.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूने खेळत. परंतु चहाची वेळ झाली, की सोबती आत बसत आणि बाळूंना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हा अपमान सोसूनही त्यांनी खेळात कसूर केली नाही.

नंतर बाळू मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथे त्यांना सहकाऱ्यांच्या पंक्तीस स्थान मिळाले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले.

एवढी योग्यता असूनही जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. त्यांचे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही नामांकित खेळाडू होते. बंधूंनी या अन्यायाचा उघड निषेध केला. अखेर १९२३ साली विठ्ठल त्या संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावास नाकारलेला मान धाकट्याने मिळवला.

४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर यांचे निधन झाले. माणसाची योग्यता जन्मावरून नव्हे, तर कर्तृत्वावरून ठरते, हे त्यांनी आपल्या खेळाने दाखवून दिले.