मृत्यूनंतरही ॲलर्जीचा पुरावा देणाऱ्या पेशी २४ वर्षांच्या पोराने शोधल्या होत्या

मधमाशी चावली किंवा एखादं इंजेक्शन सोसलं नाही आणि धडधाकट माणूस काही मिनिटांत गेला. पोस्टमॉर्टेममध्ये अनेकदा ठोस काही सापडत नाही. अशा वेळी डॉक्टर मृताच्या मांडीच्या शिरेतलं रक्त घेऊन त्यात ट्रिप्टेज तपासतात. हे ट्रिप्टेज येतं मास्ट पेशींमधून, आणि त्या पेशींना नाव दिलं पॉल एर्लिकने.

जन्म १८५४ चा, प्रशियातल्या ज्यू कुटुंबातला. मेडिकलला असताना पोराला नाद रंगांचा. नात्यातला कार्ल वायगर्ट कापड रंगवायचे ॲनिलिन रंग मायक्रोस्कोपखाली वापरायचा, तिथूनच ही गोडी लागलेली. १८७८ मध्ये लाइपझिगला दिलेल्या प्रबंधात एर्लिकने दाण्यांनी गच्च भरलेल्या काही पेशी मांडल्या. निळा रंग घातला तरी त्यांचे दाणे जांभळट दिसायचे. त्याला वाटलं, या खाऊन-पिऊन गुबगुबीत झाल्यात. म्हणून नाव मास्ट, जर्मनमध्ये खाऊ घालून पुष्ट करणं. अंदाज साफ चुकला, नाव मात्र चिकटलं. ते दाणे म्हणजे अन्न नव्हतं, दारूगोळा होता.

पुढे टीबीच्या जंतूंवर काम करताना त्यालाच टीबी झाला. हवापालटासाठी इजिप्तला जाऊन तो बरा होऊन आला. १९०८ मध्ये नोबेल मिळालं, १९१० मध्ये सिफिलिसवरचं साल्वरसान बाजारात आलं. दिवसाला ढीगभर सिगार ओढणारा हा माणूस १९१५ मध्ये गेला. आपल्या गुबगुबीत पेशींचा ॲलर्जीशी काय संबंध, हे त्याला कळलंच नाही.

तो संबंध असा. तीव्र ॲलर्जीत या पेशी फुटल्यासारखे दाणे बाहेर टाकतात. त्यातलं हिस्टामिन काही मिनिटांत नाहीसं होतं. ट्रिप्टेज जास्त टिकतं, जिवंत माणसात ते निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात. मृत्यूनंतर तर रक्ताच्या नमुन्यात ते बराच काळ सापडतं. १९९१ पासून अशा मृत्यूंच्या तपासात त्याचा वापर नोंदलेला आहे.

पण रक्त मांडीचंच का? मृत्यूनंतर छातीतल्या अवयवांमधून ट्रिप्टेज झिरपतं आणि हृदयातल्या रक्तात आकडा उगाच फुगतो. जबर मार लागलेल्यांमध्येही तो वाढतो. उलट अन्नाच्या ॲलर्जीने मृत्यू झाला तरी कधीकधी तो फारसा वाढत नाही. त्यामुळे शेवटचं काय खाल्लं, कोणतं औषध घेतलं, हे घरच्यांना विचारावंच लागतं.